खाऊन दाखवलेलं मेण

४ फेब्रुवारी

भाऊजी,

माझं अक्षर दिसलं की पाकीट न फोडताच बाजूला टाकाल, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या शिवणवालीकडून लिहून घेतला. फसलात ना? आता फोडलंच आहे तर वाचा. समेटाची बोलणी करायला लिहीत नाहीये मी. तुम्ही दोघं भाऊ आणि तुमचा पीळ, तुमचं तुम्ही बघून घ्या. मी आपली बातमी द्यायला बसलेय.

बातमी ही, की आपले वाडगे पाणी धरायला लागले! सकाळी काठोकाठ भरून ठेवलेला वाडगा संध्याकाळी उचलला तर खालचा कागद कोरडा. ट्रेचंही तेच. थेंब टाकला की पसरत नाही, गोळी होऊन पळतो. तुम्ही असतात तर ड्रॉपर घेऊन दिवसभर खेळत बसला असतात आणि मी ओरडले असते, की जेवायला या, थेंब कुठे जात नाहीत. पेंढ्याचा लगदा तोच, साचे तेच, कृतीही तुमचीच. तेच पानांचं मेण, तोच डिंक, गरम पाण्यात तेच घुसळणं. फक्त लावायची पद्धत यांनी बदललीय. ते नंतर कधीतरी सांगेन.

हे यांच्या नकळत लिहितेय. तुमचं नाव घरात निघत नाही. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी खरेदीदारांसमोर यांनी नेहमीसारखं वाडग्यावरचं मेण नखाने खरवडून जिभेवर ठेवलं, म्हणाले, "बघा, खाऊन दाखवतो. आहे का कुठल्या प्लास्टिकवाल्याची हिंमत?" आणि तुम्ही सगळ्यांदेखत हसलात. "दादा, खडूही खाता येतो. त्याने काय सिद्ध होतं?" बरोबरच असेल तुमचं. पण चारचौघांत? पाहुण्यांच्या तोंडावर? हे "चालता हो" म्हणाले आणि तुम्ही खरंच चालते झालात. रागावलं की जिन्यात जाऊन बसायचं, ही तुमची अर्ध्या चड्डीतली सवय. तेव्हा मी ताट वाढून हाक मारली की यायचात. या वेळी फारच लांब जाऊन बसलात बाई.

आता एक विचारते, तेवढं सांगा. त्या मेणात खोकला येण्यासारखं काही आहे का? यांना जरा ढास लागते. खोकून झालं की छातीवर हात धरून बसतात, आणि मी बघतेय असं दिसलं की माझ्यावरच डाफरतात, "तुझ्या स्वयंपाकाच्या धुराने झालंय." माझ्या स्वयंपाकाचा धूर! इतकी वर्षं तोच धूर गोड लागत होता.

दोन ओळी लिहा. उत्तर शिवणवालीच्या पत्त्यावर पाठवा. फोन नको, वाजला की आधी यांचा हात जातो.

वहिनी


२७ फेब्रुवारी

भाऊजी,

दोन ओळी म्हटलं तर खरंच दोनच ओळी लिहिल्यात. वर हाक नाही, खाली नाव नाही. "चमच्याने खाल्लं तरी काही होणार नाही. खोकल्याचं कारण दुसरीकडे शोधा." तार केल्यासारखं! मोठ्या प्रयोगशाळेत गेलं की कागद मोजून मिळतो का हो?

आधी मला हायसं वाटलं. शिवणवालीलाही वाचून दाखवलं. घरी येऊन यांना म्हटलं, चांगलं औषध घ्या, हा साधा खोकला दिसतोय. पण मग माझं मन मला खाऊ लागलं. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं, मग उत्तरही अर्धंच येणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तर ऐका.

आम्ही आता ब्रशने मेण लावत नाही. फवारतो. ब्रशने लावलं की कडेला कुठेतरी एक जागा सुटायचीच, आणि गरम पातळ काही ओतलं की ते बरोब्बर तिथूनच वाट काढायचं. बुडवून काढलं तर वाडगा स्वतःच पाणी पिऊन वाकडा. म्हणून मिस्त्रीने कॉम्प्रेसर जोडून दिला. मागची खोली, जिथे तुमची खाट होती, तिथे फवाऱ्याची जागा केलीय. रागावू नका, खाट माळ्यावर नीट ठेवलीय. खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, कारण वारा आला की मेणाचे थेंब वाटेतच सुकतात आणि वाडग्यावर नुसती पूड बसते. नोझल जितकं बारीक तितका थर एकसारखा. यांनी ते बारीक करत करत इतकं बारीक केलंय, की आता फवारा दिसत नाही, खोलीभर धुकं राहतं. वास मात्र छान येतो, ओल्या पानांचा.

आणि त्या खोलीत तोंड झाकायचं नाही. हा यांचा नियम. नव्या माणसाला पहिल्या दिवशी बोटभर मेण चाटवायचं, हे तुमच्या वेळचंच आहे, पण आता त्यावर ही भर. वाडग्यांच्या कडा घासणारी ती मुलगी, जिला आम्ही हसरी म्हणतो, तिने एकदा ओढणी नाकावर घेतली. यांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. "माल खाण्याच्या लायकीचा आणि बनवणारे तोंड बांधून? खरेदीदाराने बघितलं तर काय म्हणेल? उद्या तूच सांग त्याला, की यात विष आहे!" बिचारी हसरीही हसायची थांबली. त्या दिवसापासून कोणाची छाती झाली नाही तोंड झाकायची.

पुढे हसरीलाही ढास लागली. तेव्हा यांनी गुपचूप तिला बाहेर पॅकिंगला बसवलं आणि फवारा स्वतः मारायला लागले. आता त्या खोलीत दुसऱ्या कोणाला जाऊ देत नाहीत. "तुमचा हात एकसारखा फिरत नाही" म्हणतात. मला हे कारण पटलेलं नाही. तुम्हाला पटतंय का बघा आणि लिहा.

वहिनी


१९ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र वाचल्यापासून हातात काही धरवत नाही. "वहिनी, आजच्या आज बंद करा. पोटात गेलं तर पचेल नाहीतर बाहेर पडेल. छातीत गेलेलं कुठे जाणार? फुप्फुस आतून ओलं असतं, त्या ओलाव्याच्या पातळ थरावरच श्वास चालतो. आपण वाडग्याचं जे करतो तेच हा फवारा तिथे करतो, पाणी ठरूच देत नाही. आतल्या बारीक पिशव्या मिटतात, एकमेकींना चिकटतात. नोझल जितकं बारीक तितकं मेण खोल जाणार." इतकं स्वच्छ लिहिलंत, की माझ्यासारखीलाही कळलं.

आणि मग पान उलटलं तर ती ओळ. "दादांना विचारा, आता कळलं का, खाऊन काय सिद्ध होतं ते?"

काय गरज होती हो? उचलली जीभ लावली टाळ्याला. आग लागलेली सांगायची आणि वर आग लागलेल्याला चिमटाही काढायचा?

आधी मी तुमचं नाव न घेता सांगून बघितलं. म्हटलं, कुठेतरी वाचलं, असा फवारा छातीला वाईट. "कुठे वाचलंस?" म्हणाले. मला सांगता येईना. नोझल लपवून ठेवलं, तर मिस्त्रीने जेवायच्या सुट्टीत नवं कातून दिलं आणि मला म्हणाला, "वहिनी, मला दोन्हीकडून शिव्या. तुमचं तुम्ही ठरवा आणि मग मला सांगा." मग मी धीर करून विषय काढला. हे सुईने नोझल साफ करत बसले होते. म्हटलं, हे मेण ज्याने शोधलं त्याला विचारावं का?

दोन वर्षांत पहिल्यांदा यांनी त्या विषयावर तोंड उघडलं. वर न बघता म्हणाले, "त्याला मी काही विचारणार नाही, आणि तूही इथलं काही कळवायचं नाहीस. पण त्याने आपण होऊन एक ओळ लिहिली ना, 'दादा, बंद कर', तर हा बघ, प्लग उपटून ठेवतो. त्या पोराला मेणातलं जे कळतं ते कोणाला कळत नाही." पोराला म्हणाले, भाऊजी. त्याला नाही, पोराला.

तुमचं पत्र तेव्हा माझ्या पोलक्यात होतं. काढून हातात दिलं असतं तर? तर यांची नजर आधी त्याच ओळीवर गेली असती, हे मला माहीत आहे. मी या माणसाबरोबर संसार केलाय. ती ओळ वाचून यांनी हट्टाने दुप्पट वाडगे फवारले असते. म्हणून शिवणवालीची कात्री घेऊन ती ओळ कापायला बसले. कापली आणि बघते तर मागच्या बाजूला नेमकं "आजच्या आज बंद करा" होतं. तेही गेलं. भोक पडलेलं पत्र कोणाला दाखवू? शिवणवाली म्हणाली, ठिगळ लावून देऊ का? मला हसूही आलं आणि रडूही.

तर एवढं करा. पुन्हा लिहा. यांच्या नावाने, थेट इथल्या पत्त्यावर. टोमणा नको, विज्ञान नको. "दादा, बंद कर" एवढंच. शब्द मी तुमच्या हातात देतेय, तुम्ही फक्त सही करायची आहे.

वाट बघतेय.

वहिनी


११ एप्रिल

आज 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुला भरवलंय मी, तुझ्या तापात उशाशी बसलेय, तेव्हा ऐकून घे.

"मी आधी लिहिणार नाही. घालवलं त्यांनी, हाकही त्यांनीच मारावी. मी सांगायचं ते तुम्हाला सांगितलं आहे, माझं काम झालं." हे लिहिताना हात कसा चालला तुझा? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ तुझा भाऊ आहे.

परवा खरेदीदार आले होते. मोठा घास आहे, पुढच्या सबंध वर्षाचं काम. मी कोपऱ्यात उभी होते. यांनी वाडगा उचलला, नखाने मेण खरवडलं, जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "बघा, खाऊन दाखवतो." पुढचं वाक्य यायचं होतं, ते आलंच नाही. तोंड उघडं राहिलं. खोकला नाही, आवाज नाही, मान ताठ आणि ओठ निळसर. मग एकदम असा खोकला सुटला, की टेबलाला धरून खाली बसले. आणि तशातही हसून सांगतायत, "घशात अडकलं, घाई केली खायची!" पाहुणेही हसले. त्यांनी काम दिलं. मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने आत गेले आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

दवाखान्यात ओढून नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला. तू सांगितलंस तेच त्यांनी सांगितलं, फक्त तू जे सांगितलं नाहीस तेही सांगितलं. की हे असंच चाललं तर छाती दगड होईल. एकदा झाली की परत मऊ होत नाही. आता थांबलं तर माणूस चालेल-फिरेल, काम करेल. मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तो फवारा आज बंद." हे काय म्हणाले माहीत आहे? "बाई, तुम्हाला हाडं-मांस कळतं. मेण कळत नाही. हे घ्या, खाऊन बघा." खिशातून वाडग्याचा तुकडा काढला! त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी कुठे बघू?

परत येताना वाटेत तीनदा थांबावं लागलं. शेवटी एका पायरीवर बसलो. तेव्हा बोलले. "काही वाईट असतं तर त्याने कळवलं असतं. कोणाकडून तरी त्याला कळतच असणार इथलं. तो गप्प आहे म्हणजे काळजीचं काही नाही."

कळलं का तुला? तुझं गप्प बसणं हा माणूस हमी म्हणून वापरतोय. माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, तुझ्या न आलेल्या पत्राचं ऐकतो. आणि तू तिकडे मान वर करून बसलायस, आधी कोण हाक मारतो म्हणून. अरे, त्याला हाक मारायला तरी श्वास पुरायला हवा ना!

मला माफी नको, भेट नको, मानपान नको. एक ओळ हवी. ती तुझ्याजवळ आहे आणि तू देत नाहीस.

वहिनी


१६ मे

भाऊजी,

मागच्या पत्राला उत्तर नाही. ठीक आहे. मी तोंडाला येईल ते लिहिलं, त्याचा राग आला असेल. येऊ दे. राग आलेला माणूस निदान जिवंत असतो.

पंधरवडाभर यांना दवाखान्यात ठेवलं होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, गोळ्या दिल्या. सूज उतरवायच्या गोळ्या होत्या, आणि त्यांनी खरंच उतार पडला. जिना चढून आले. तुमची पुतणी टाळ्या वाजवायला लागली. मीही वेडी, गोडाचं केलं. हे जेवले, हात धुतले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला, माल तुंबलाय."

मी आधी पोचले आणि मुख्य बटणच बंद केलं. साचे थांबले, सगळे बाहेर आले. मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. म्हटलं, माझ्या अंगावरून जा. हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात, सगळ्यांसमोर म्हणाले, "तूही त्याच्यासारखीच झालीस. माझ्या मालावर तुझा विश्वास नाही." हसरीने मान खाली घातली. मिस्त्री बाहेर गेला. आणि माझे हात आपोआप खाली आले, भाऊजी. का आले ते मला विचारू नका. इतकी वर्षं ज्या माणसाचं मन राखलं, त्याचं त्या क्षणीही राखलं.

मी पुतणीची ओढणी भिजवून यांच्या तोंडाला बांधायला गेले, तर ती त्यांनी घडी करून माझ्याच हातात दिली. दार लावून घेतलं. बाहेरून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकत मी उभी होते. बरोबर चालला होता, एका लयीत. मधेच आवाज तोच राहिला पण फवाऱ्याची सूं थांबली. दार ढकललं तर हे वाडग्यांच्या मांडणीखाली बसलेले, फवारायचं पिस्तूल मांडीवर, डोळे उघडे. ते धुकं केसांवर, भुवयांवर बसलं होतं. मी तोंड पुसायला ओला फडका फिरवला तर पाणी त्यांच्या कपाळावरून थेंब थेंब पळालं. कोटिंग उत्तम झालं होतं.

आता परत दवाखान्यात आहोत. या वेळी गोळ्यांनी उतार नाही. डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलताना आवाज फार मऊ काढतात, त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

मी काही मागत नाही. फक्त कळवलं.

वहिनी


१२ जून

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. यांच्या नावाने, थेट घरच्या पत्त्यावर. तुमची पुतणी धावत दवाखान्यात घेऊन आली. वरातीमागून घोडं म्हणतात ते असंच असणार, पण घोडं आलं, आणि मी ते परत पाठवणार नाही.

यांनी आधी पाकिटावरचं अक्षर बघितलं. बराच वेळ बघितलं. फोडायला हात वळेना, म्हणून मी फोडून दिलं. चष्मा लावून दिला. "दादा, फवारा बंद कर. मेण श्वासात जाऊ द्यायचं नसतं. माझं ऐक. मी येतो आहे." चारच वाक्यं. टोमणा नाही, अक्षर वेडंवाकडं. ती लिहिताना तुमचं काय झालं असेल, ते मी मनात आणत नाही, कारण आणलं तर मला तुमची दया येईल आणि आत्ता मला ती परवडायची नाही.

वाचून झाल्यावर यांनी नळी बाजूला केली आणि म्हणाले, "एवढंच होतं होय?" मिस्त्रीला बोलावणं धाडलं. तो आला तर त्याला म्हणाले, "कॉम्प्रेसर काढ. आजच काढ. धाकट्याचं पत्र आलंय, फवारायचं नाही. आणि सगळ्यांना तोंडाला फडकं बांधायला सांग, ब्रशने लावतानासुद्धा." असं म्हणाले, जसं काही कालपर्यंत कोणी काही बोललंच नव्हतं. मी नाही, डॉक्टर नाही, कोणी नाही. मिस्त्री "हो" म्हणाला आणि बाहेर जाऊन लहान मुलासारखा रडला. तिथे गेला महिनाभर कोणी फवारलेलंच नाही, हे यांना कोण सांगणार?

मार्चमध्ये हे पत्र आलं असतं तर मार्चमध्ये प्लग उपटला असता यांनी. मला तेव्हाही शंका नव्हती, आता तर पुरावाच मिळाला. आणि ते भोक पडलेलं पत्र मी तसंच यांच्या अंगावर फेकायला हवं होतं का, हे मी रोज स्वतःला विचारते. त्याचं उत्तर तुमच्याजवळही नाही, तेव्हा माझं मला ठेवते.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. आता फक्त त्रास कमी करायचा. किती दिवस, ते त्याही सांगत नाहीत. लवकर या. पण येण्याआधी मी सांगते ते नीट वाचा, यासाठीच हे पत्र लिहिलंय.

काल दुपारी हे जरा सावध होते. तुमचं पत्र उशीखाली ठेवलंय, ते चाचपलं आणि मला विचारलं, "त्याला हे कधी कळलं गं?"

मी म्हटलं, आत्ताच. मलाच राहवलं नाही म्हणून मी गेल्या आठवड्यात कळवलं, आणि कळल्याबरोबर त्याने लिहिलं. त्याच दिवशी.

यांचा चेहरा असा फुलला, भाऊजी, की विचारू नका. लग्नानंतर इतका फुललेला मी बघितला नव्हता. "त्याच दिवशी?" म्हणाले. मी म्हटलं, हो, त्याच दिवशी. मग शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही सांगितलं, श्वास घेत घेत, एकेक शब्द सुटा करून. "माझा धाकटा. लांब असतो. कळलं तसं लगेच लिहिलं."

तेव्हा तुम्ही याल, यांच्या पायाशी बसाल, आणि तुमच्या मनात येईल की सगळं कबूल करून टाकावं. तेच टाळायचं आहे. तुमचं मन हलकं करायला यांच्या छातीवर काही ठेवू नका, तिथे आता जागा नाही. रडायचं असेल तर आधी बाहेर रडून घ्या, शिवणवालीकडे बसा, तिला सगळं ठाऊक आहे. तुमची आधीची पत्रं मी जाळली. मला काय म्हणायचं ते मी तुम्हाला नंतर म्हणेन, आपल्याला त्यासाठी पुष्कळ वर्षं आहेत.

हे तुम्हाला विचारतील. नक्की विचारतील, कारण पुन्हा ऐकायला आवडेल त्यांना. डोळ्यात बघून सांगा, की जूनमध्ये कळलं.

वहिनी